आमचा वाघ आणि इंदूरचा सिंह

आमच्या घरात गेल्या पावसाळ्यापासून एक वाघ राहतो. वय वर्षे साडेचार, आहार दूध-चपाती, आणि कुणी रागावलं की लपायची जागा दादीचा पदर. संध्याकाळी अब्बू दुकानातून आले की तो सोफ्यामागून त्यांच्या पायांवर झेप घेतो. पाहुण्यांना सलाम करण्याऐवजी त्यांच्याकडे बघून गुरगुरतो. एकदा लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या पोटरीला त्याने तोंड लावलं. तो भला माणूस हसला, पण पुढच्या महिन्यात त्याने रीडिंग दारातूनच विचारलं.

वाघाचं घरातलं नाव मुन्नू. हा वाघ त्याने कुठे पाहिला म्हणाल, तर मोबाइलमध्ये. तेव्हा ठरलं की याला एकदा खरा वाघ दाखवायचा. यांचं म्हणणं असं की खरा वाघ पाहिला की याचा वाघ आपोआप उतरेल. माझं म्हणणं असं की चढेल. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीच म्हणाल्या नाहीत. त्या तांदूळ निवडत होत्या.

आता आमच्या शिरपूरला वाघ बघायचा म्हणजे जायचं कुठे? सातपुडा दारात आहे, अनेर धरणाचं अभयारण्य तालुक्यातच आहे, पण तिथला प्राणी आपल्या सवडीने दिसतो, आपल्या सुट्टीच्या दिवशी नाही. बिबट्याचं म्हणाल तर खान्देशात तो स्वतःच केळीच्या बागेत येतो, तिकीट लागत नाही. पण त्याला बघायला कुणी मुलाबाळांना घेऊन जात नाही. यांनी मुंबईच्या राणीच्या बागेचं नाव काढलं. तिथे २०१६ साली कोरियाहून पेंग्विन आणलेत, ते बघू म्हणाले. मुंबई म्हणजे एक दिवस जाण्यात, एक दिवस येण्यात, आणि मधला दिवस चुलतसासऱ्यांच्या घरी जेवणात. माझ्या दिराने सिद्धार्थ उद्यानाचं सुचवलं. छत्रपती संभाजीनगरात बसस्टँडच्या शेजारीच आहे, वाघही आहेत. पण त्या गावात आमच्या दोन नणंदा आहेत. एकीकडे चहा घेतला तर दुसरीकडे जेवावं लागतं, आणि वाघ राहून जातो.

“इंदूरला जाऊ या,” अम्मी म्हणाल्या. तांदळातून मान वर न करता.

आम्ही तिघेही गप्प झालो. कारण अम्मींनी कुठे जायचं हे सांगितल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. खरं म्हणजे त्यांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. सत्तर वर्षांत त्यांचे प्रवास झाले ते तीन कारणांनी: लग्न, मयत आणि दवाखाना. आणि इंदूर हे आमच्या घरात दवाखान्याचं गाव. आठ वर्षांपूर्वी अब्बाजींना, माझ्या सासऱ्यांना, तिथेच नेलं होतं. त्यानंतर अम्मींनी त्या गावाचं नाव घेतलं नव्हतं. आज स्वतःहून घेतलं, म्हणून हेही काही बोलले नाहीत, फक्त दिराकडे बघून “इकोची सर्व्हिसिंग करून घे” एवढंच म्हणाले.

मग वार ठरवायची भानगड. आमचं हार्डवेअरचं दुकान सोमवारी बंद असतं, आणि इंदूरचं कमला नेहरू प्राणिसंग्रहालयही नेमकं सोमवारीच बंद असतं. माणसांना आणि वाघांना एकाच दिवशी सुट्टी! म्हणजे रविवारी दुकान बंद ठेवायचं. रविवारचा धंदा बुडणार म्हणून यांचा चेहरा आठवडाभर असा होता की कुणी विचारावं, घरी सगळे खैरियत आहेत ना?

रविवारी फजरची नमाज झाली आणि आम्ही निघालो. डब्यात पराठे, खिम्याचे कबाब, उकडलेली अंडी, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचं लोणचं. शिवाय अम्मींनी वेगळ्या पिशवीत मुरमुरे आणि वजूसाठी पाण्याची बाटली घेतली होती. मी मुन्नूचे कपडे तीन जोड घेतले. हे म्हणाले, “एका दिवसासाठी तीन?” आया-बहिणींनो, ज्या बापाने हा प्रश्न विचारला त्याच्याच मांडीवर बिजासनच्या घाटात पहिला जोड संपला. दूध, बिस्किट, सगळं. दुसऱ्या जोडाची गोष्ट पुढे येईल.

आग्रा रोडने इंदूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. दहिवद आलं तेव्हा मुन्नूने पहिल्यांदा विचारलं, “इंदूर आलं?” पळासनेरला महाराष्ट्र संपला तोपर्यंत अकरा वेळा विचारून झालं होतं. घाटात वानरं दिसली तर म्हणाला, “बघितले प्राणी, आता घरी चला.” सेंधव्यात गाडी थांबवून दिराने चहा घेतला, यांनी पँट धुतली. जुलवानियाच्या पुढे मुन्नू झोपला आणि गाडीत शांतता झाली.

खलघाटच्या पुलावर अम्मी अचानक पुढे सरकल्या आणि काच खाली करायला सांगितली. नर्मदा सकाळच्या उन्हात लांबच लांब पसरली होती. “एवढी मोठी आहे ही?” त्या म्हणाल्या. “अम्मी, तुम्ही तर पाहिली आहे,” मी म्हणाले. “रात्र होती,” त्या म्हणाल्या, “आणि मी सलाइनची बाटली धरून बसले होते.” पूल संपेपर्यंत त्यांनी काच वर करू दिली नाही.

इंदूरला नवलख्यात पोहोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. प्राणिसंग्रहालय शहराच्या मधोमध आहे. १९७४ साली सुरू झालेलं, पन्नास एकरांहून थोडं मोठं, आणि भरपूर झाडं. बाहेर मोटारी-रिक्षांचा गलका, आत शिरलं की मोर ओरडतो. फाटकावरच्या शिपायाने डब्यांच्या पिशवीकडे बघून मान हलवली. कबाब घेऊन वाघाकडे जायचं नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. डबे गाडीत गेले. अम्मींचे मुरमुरेही गेले. त्यांनी ते हरणांसाठी आणले होते हे तेव्हा कळलं. शिपायाने समजावलं की इथे जनावराला काहीही खाऊ घालणं गुन्हा आहे. अम्मी म्हणाल्या, “मग बेटा, तुम्ही वेळेवर देता ना त्यांना?” तो म्हणाला, “देतो मांजी.” “मग ठीक.”

आता मुन्नूचं ऐका. दोनशे किलोमीटर आणून सोडलेल्या या मुलाने पहिली वीस मिनिटं कशात घालवली? बागेला पाणी देणाऱ्या माळ्याच्या पाइपात. पाइपाला एक बारीक भोक होतं आणि त्यातून कारंजं उडत होतं. दुसऱ्या जोडाची गोष्ट ती हीच. मग एक खार दिसली, तिच्यामागे दहा मिनिटं. मग हरणांच्या कुंपणापाशी एक पिवळी मांजर बसली होती, कुठून तरी आलेली, तिच्यासमोर हा मांडी घालून बसला आणि हलेचना. हे रडकुंडीला आले. “अरे, चितळ बघ! सांबर बघ! मांजर आपल्या घरी आहे!” मुन्नू म्हणाला, “ही इंदूरची आहे.” उत्तर बिनतोड होतं.

हत्तीजवळ मात्र तो थांबला. मकतबमध्ये त्याच्या उस्तादांनी सूरह फीलचा किस्सा सांगितलाय, काबा पाडायला निघालेल्या अब्रहाच्या हत्तींचा. मुन्नूने हत्तीला खालून वरपर्यंत पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, “दादी, हाच गेला होता काबा पाडायला?” आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. अम्मी घाईघाईने म्हणाल्या, “नाही रे बाबा, हा इंदूरचा आहे. आणि त्यातला मोठा हत्ती तर पुढे गेलाच नाही, खाली बसून राहिला म्हणतात.” मुन्नूने विचार करून हत्तीला “शाबास” म्हटलं. कुठल्या हत्तीला, ते त्यालाच माहीत.

पक्षीघर, साप, मगरी हे सगळं आम्ही भराभर पाहिलं. मगर तर इतकी स्थिर होती की दिराने पैज लावली, ही सिमेंटची आहे. पैज हरला.

आणि मग वाघ.

इथे पांढरा वाघही आहे. त्याला बघून मुन्नू म्हणाला, “अम्मी, याचा रंग उडाला.” यांनी लगेच मोबाइल काढून आम्हाला ज्ञान दिलं. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी, मार्तंडसिंहांनी, जंगलात एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन ठेवलं, आणि आज जगभर पिंजऱ्यांत जे पांढरे वाघ आहेत ते बहुतेक सगळे त्याच्याच वंशातले. ही काही वेगळी जात नाही, रंगाचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं. म्हणून लोकांनी नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या आणि त्यातून तिरळे, अधू बछडे झाले. “नात्यातल्या नात्यात?” अम्मींनी विचारलं आणि यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. दिरासाठी मामेबहिणीचं स्थळ हे स्वतःच मागच्या महिन्यात सुचवून बसले होते. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

पलीकडच्या आवारात पट्टेवाला होता. आम्ही गेलो तेव्हा तो लांब झाडाखाली फिरत होता. मुन्नू यांच्या खांद्यावर. अब्बूचे केस धरून त्याने आपली नेहमीची गर्जना केली. घरात केली की मांजर पळते, तशी. वाघ थांबला. वळला. आणि सरळ आमच्या दिशेने चालत आला. घाई नाही, राग नाही, एखादा मोठा माणूस “कोण बोललं?” म्हणून येतो तसा. मध्ये खंदक होता, जाळी होती, तरी माझ्याच पायातलं बळ गेलं. खंदकाच्या कडेला येऊन तो उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं.

मुन्नू गप्प. थोड्या वेळाने यांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला आणि मला कळलं की कपड्यांचा तिसरा जोडही कामी येणार, शिवाय यांच्या शर्टासाठी मी काहीच आणलेलं नाही. मुन्नू अब्बूच्या कानात कुजबुजला. ते ऐकून हे इतके हसले की ओल्या शर्टाचंही भान राहिलं नाही. तो म्हणाला होता, “त्याला सांगू नका मी वाघ आहे म्हणून.”

हा सगळा गोंधळ आवरत असताना अम्मी दिसेनात. माझ्या काळजात धस्स झालं. गर्दीत मूल हरवेल या भीतीने आम्ही सगळे मुलाला धरून होतो, आणि हरवल्या अम्मी. दीर फाटकाकडे धावला, मी उलट दिशेला. त्या सिंहाच्या आवारापाशी सापडल्या. कट्ट्यावर बसल्या होत्या, चपला काढून.

सिंह झोपला होता. अगदी आमच्याकडे दुपारी जेवून पुरुष झोपतात तसा, एका कुशीवर, तोंड अर्धं उघडं. कठड्याला पंधरा-वीस जण लोंबकळत होते. कुणी शिट्टी मारत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं, एक जण रिकामी बाटली कठड्यावर आपटत होता. “ए शेर, उठ!” तेवढ्यात आमचा दीर आला आणि अम्मी सापडल्याच्या आनंदात त्यानेही दोन टाळ्या वाजवल्या.

“खबरदार!” अम्मी म्हणाल्या. आवाज असा की बाटलीवाल्यानेही बाटली खाली ठेवली. “झोपू द्या त्याला. रात्रभर जागा असतो तो.”

“तुम्हाला काय माहीत अम्मी?” दीर हसत म्हणाला.

“मला माहीत आहे.”

आठ वर्षांपूर्वी अब्बाजी बावीस दिवस इंदूरच्या दवाखान्यात होते. रात्री बायकांना वॉर्डात थांबू देत नसत. पाळीपाळीने मुलगे आत थांबायचे, आणि अम्मी इथेच नवलख्यात एका घरच्या वरच्या खोलीत झोपायला यायच्या. मी तेव्हा नवी सून, शिरपूरला घर सांभाळत होते. त्यामुळे पुढचं मला त्या दिवशीच कळलं. नवल म्हणजे यांनाही आणि दिरालाही तेव्हाच कळलं.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास एक आवाज आला. अम्मींना वाटलं, एखादा मोठा ट्रक चढावर अडकलाय. पुन्हा आला तेव्हा वाटलं, कसलं तरी मशीन असेल. सकाळी घरमालकिणीने सांगितलं, चिडियाघरचा सिंह आहे, रोजचंच आहे. शांत रात्री सिंहाचा आवाज आठ किलोमीटरवर जातो म्हणतात. यांची खोली तर जवळच. मग रोज. अम्मींना झोप लागतच नव्हती. त्या पडल्या पडल्या मोजायच्या. आणि सकाळी भेटीच्या वेळेत अब्बाजींना सांगायच्या: आज दोन वेळा. आज पाच वेळा. अब्बाजींना बोलायला त्रास व्हायचा, तरी आत शिरताच आधी तेच विचारायचे, आज किती? कमी असले तर म्हणायचे, त्याचीही तब्येत ठीक दिसत नाही. आणि एकदा म्हणाले, सुट्टी मिळाली की जाताना त्याला बघून, सलाम करून जाऊ.

“शेवटच्या दिवशी चार होते,” अम्मी म्हणाल्या. “सांगायचं राहिलं.”

हे कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसले. ओला शर्ट, मांडीवर मुन्नू. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला राहून राहून एकच वाटत होतं, आठ वर्षांत या बाईला आपण रोज विचारलं, अम्मी चहा घेतला का, गोळी घेतली का. इंदूरला रात्री काय करत होतात, हे एकदाही नाही.

दीर हळूच म्हणाला, “पण अम्मी, आठ वर्षं झाली. हा तोच सिंह असेल कशावरून?”

“हा असेल नाहीतर याचा मुलगा असेल,” अम्मी म्हणाल्या. “काम तर तेच करतो ना.”

मग त्यांनी मुन्नूला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “बेटा, दादांचा सलाम राहिलाय. तू कर.” मुन्नू कठड्यापाशी गेला. आता तो वाघ नव्हता, त्यामुळे अदबीने उभा राहिला. “अस्सलामु अलैकुम, शेरसाहेब!” सिंहाचा कान हलला. फक्त कान. डोळे मिटलेलेच. यांचं म्हणणं, माशी बसली होती. मुन्नू आणि अम्मी यांचं म्हणणं वेगळं आहे आणि घरात बहुमत त्यांच्याकडे आहे.

बाहेर येऊन झाडाखाली चादर अंथरली आणि डबे उघडले. अम्मींनी आधी कोपऱ्यात जानमाज पसरून जुहरची कसर पढली, मग दोन पराठे खाल्ले. एरवी त्या एकच खातात. दिराने विचारलं, ती खोली होती ते घर बघून येऊ या का, गाडी तिकडूनच नेतो. “खोलीचं काय बघायचं?” त्या म्हणाल्या. “जिना फार वाईट होता.” उरलेले मुरमुरे त्यांनी झाडाखालच्या चिमण्यांना टाकले, तिथे शिपाई नव्हता.

परतीच्या वाटेवर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. यांनी दिराचा जुना टी-शर्ट घातला होता, त्यावर एका क्रिकेट संघाचं नाव होतं, आणि मानपूरच्या पुढे चहाच्या टपरीवर एका पोराने यांना “काका, कोण जिंकलं?” असं विचारलं. खलघाटला अंधार पडला होता, नर्मदा दिसली नाही. मुन्नू दादीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला तो थेट शिरपूरला करवंद नाक्यावर जागा झाला आणि म्हणाला, “इंदूर आलं?”

सोमवारी सकाळी शाळेची वेळ झाली तरी साहेब अंथरुणात. मी हाक मारली, पांघरूण ओढलं, पंखा बंद केला. एका कुशीवर, तोंड अर्धं उघडं. डोळे न उघडता म्हणाला, “मी सिंह आहे. टाळ्या वाजवू नका.”

मी वैतागून स्वयंपाकघरात गेले. अम्मी ओट्यापाशी चहा गाळत होत्या.

“झोपू दे त्याला, दुल्हन. रात्री तीन वेळा ओरडला.”

“मी तर दोनदाच ऐकलं, अम्मी.”

“तू झोपली होतीस,” अम्मी म्हणाल्या आणि माझा कप माझ्यापुढे सरकवला. “एकदा फजरच्या आधी.”